स्वस्तातला मदरबोर्ड : नेमकं काय बघायचं?

पीसी असेंबल करायचा म्हटलं की होस्टेलवर चर्चा कशाची होते? प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं. कॅबिनेटला लाइट्स असावेत की नसावेत यावर तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं चालतात. मदरबोर्डाचं नाव मात्र कुणी काढत नाही. कोटेशनच्या कागदावर बाकी सगळ्या ओळींत पूर्ण मॉडेल नंबर असतो आणि मदरबोर्डाच्या ओळीत नुसतं "एच६१० बोर्ड" एवढंच. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, काही पत्ता नाही. दुकानदार जो देईल तो घ्यायचा. आणि दुकानदार कोणता देणार? जो त्याच्याकडे पडून आहे तो!

मित्रमैत्रिणींनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. महाग मदरबोर्डाने कॉम्प्युटर फास्ट होत नाही. साध्या सहा-कोअरच्या प्रोसेसरला सहा हजारांचा धड बोर्ड लावा नाहीतर वीस हजारांचा, रॅम आणि एसएसडी तीच असेल तर मॅटलॅब चालवताना किंवा गेम खेळताना फरक जाणवणार नाही. पण चुकीच्या बोर्डाने चांगला प्रोसेसर हळू होऊ शकतो, घेतलेली रॅम अर्ध्या ताकदीने चालू शकते, आणि दोन वर्षांनी घ्यायचं ठरवलेलं कार्ड बसूनही नीट चालत नाही असं होऊ शकतं. म्हणून बजेटवाल्याने बोर्डाकडे बघताना "यात काय काय आहे?" असं विचारत बसू नये. "हा मला कुठे अडवेल?" असं विचारावं. जिथे तो अडवणार नाही तिथे एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, आणि जिथे अडवेल तिथे हजार-पंधराशे सोडायला मागेपुढे बघायचं नाही.

दुसरं म्हणजे बाकीचे पार्ट बदलणं सोपं असतं. रॅम पाच मिनिटांत बदलते. एसएसडीला एक स्क्रू असतो. मदरबोर्ड बदलायचा तर सगळं उघडायचं, सगळ्या वायरी काढायच्या, आणि बहुतेक वेळा नवीन बोर्डासाठी प्रोसेसर आणि रॅमही नवीन घ्यायची. म्हणजे जवळजवळ नवा कॉम्प्युटरच.

(माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी शब्द जरा जास्त येतील, चालवून घ्या. 'चिपसेट'ला मराठीत काय म्हणतात ते आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनाही सापडलं नाही. आणि सापडलं असतं तरी तो शब्द घेऊन दुकानात गेलं तर दुकानदार चहा पाजून परत पाठवेल!)

सुरुवात सॉकेटपासून करू. प्रोसेसर ज्या चौकोनी जागेत बसतो ते सॉकेट. एएमडीचा प्रोसेसर इंटेलच्या बोर्डावर बसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण इंटेलचा प्रोसेसर इंटेलच्याच दुसऱ्या बोर्डावर बसत नाही, हे खूप जणांना दुकानात गेल्यावर कळतं. त्यातही एक गंमत आहे. एलजीए ११५१ नावाचं सॉकेट २०१५ मध्ये सहाव्या जनरेशनबरोबर आलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आठवी जनरेशन आली, तिचं सॉकेटही एलजीए ११५१ च! पिनांचा आकडा तोच, पण आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आधीच्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. सेकंडहँड मार्केटमध्ये आजही या आकड्यावर विश्वास ठेवून लोक फसतात. तेव्हा नुसता सॉकेटचा नंबर जुळवून थांबू नका. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक बोर्डाच्या पानावर कोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी असते. तिच्यात आपला प्रोसेसर आहे का, आणि त्याच्यापुढे कोणता बायोस नंबर लिहिलाय, हे दोन्ही बघा. बायोसचं पुढे येईलच.

नवीन आणि स्वस्त अशा दोन्ही अटी घातल्या तर हिशोबात मुख्यतः तीन घरं येतात. पहिलं एएमडीचं एएम४, जे २०१७ पासून रायझनबरोबर आहे. दुसरं इंटेलचं एलजीए १७००, ज्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी जनरेशन चालते. तिसरं एएमडीचं एएम५, जे २०२२ मध्ये आलं. पहिल्या दोन घरांचा पुढचा रस्ता बंद आहे. इंटेलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एलजीए १८५१ आणलं, आणि एएमडीचे नवे प्रोसेसर एएम५ वर येतात. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलेलं आहे.

मग सगळ्यांनी एएम५ च घ्यावं का? इथे माझं मत जरा वेगळं आहे. "फ्यूचर प्रूफ" हा शब्द मी होस्टेलवर रोज ऐकते, पण त्याच बोर्डावर प्रोसेसर बदललेला माणूस मला फार क्वचित भेटलाय. लोक काय बदलतात? रॅम वाढवतात, एसएसडी टाकतात, नोकरी लागली की ग्राफिक्स कार्ड घेतात. प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा पाच-सहा वर्षं झालेली असतात आणि सगळंच नवीन घ्यायचं असतं. त्यामुळे बजेट अगदी घट्ट असेल तर रस्ता बंद असलेलं घर घेण्यात कमीपणा नाही. पैसे थोडे सैल असतील आणि मशीन सात-आठ वर्षं वापरायचं असेल, तरच एएम५ चा विचार करा.

या निवडीबरोबर रॅमची निवडही आपोआप होते. एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. एलजीए १७०० मध्ये मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, आणि नावं जवळजवळ सारखी! बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटी फक्त 'डी४' लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावरच सगळं ठरतं. दोन्ही रॅमला पिना २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्यात जात नाही. जोर लावून बघू नका. घरी जुन्या मशीनची डीडीआर४ पडून असेल तर ती डोळ्यांसमोर ठेवून बोर्ड निवडा. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव एकदम भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटर्सकडे मेमरी कंपन्यांचा बराच माल वळला. रॅम महाग असताना हातातली रॅम वाया घालवणारा बोर्ड घेणं परवडत नाही.

आता चिपसेट. ए५२०, बी५५०, एच६१०, बी७६० ही जी नावं आपण घेतो ती चिपसेटची. साधं सांगायचं तर बोर्डाचा हा दर्जा आहे. अक्षर दर्जा सांगतं, आकडा पिढी सांगतो. एएमडीत ए सगळ्यात खालचा, बी मधला, एक्स वरचा. इंटेलमध्ये एच६१० सारखा खालचा, बी मधला आणि झेड वरचा. सल्ले देणारे सगळे सांगतात, "बी घे, ए घेऊ नकोस." का, ते कुणी सांगत नाही.

एक खरी केस घेऊ. आपल्याकडे सगळ्यात जास्त बनणारं मशीन म्हणजे रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, आतच ग्राफिक्स, वेगळं कार्ड नको. याला ए५२० घ्यावा की बी५५०? बी५५० चा मोठा फायदा म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला आणि पहिल्या एसएसडी स्लॉटला पीसीआयई ४.० मिळतं, ए५२० वर ३.० च. पण ५६००जी या प्रोसेसरलाच पीसीआयई ४.० येत नाही! तो ३.० वाला आहे. म्हणजे बी५५० घेऊन तुम्ही एका अशा रस्त्याचे पैसे भरता ज्यावर तुमची गाडी चालतच नाही. या प्रोसेसरला चांगल्या कंपनीचा ए५२० पुरतो. उरलेले पैसे रॅममध्ये घाला.

हाच प्रोसेसर बदलून रायझन ५ ५६०० घेतला, म्हणजे नावातला 'जी' गेला, की गणित उलटं होतं. याला आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड घ्यावंच लागतं, पण याला पीसीआयई ४.० येतं. २०२२ मध्ये आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं एक स्वस्त कार्ड आलं. त्याला सोळाऐवजी फक्त चारच लेन आहेत. ४.० च्या बोर्डावर चार लेन कशाबशा पुरतात. ३.० च्या बोर्डावर वेग अर्धा होतो, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. कार्ड तेच, प्रोसेसर तोच, पण ए५२० वर कमी आणि बी५५० वर जास्त फ्रेम्स! बोर्ड 'अडवतो' म्हणजे काय ते इथे दिसतं. थोडक्यात, चिपसेट एकटा चांगला किंवा वाईट नसतो, तो कोणत्या प्रोसेसरबरोबर आणि कोणत्या कार्डाबरोबर जातोय ते बघायचं.

एसएसडीच्या बाबतीत मात्र ३.० ला घाबरू नका. पीसीआयई ३.० च्या चार लेनवर एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला साधारण ३५०० एमबीपर्यंत वाचते, आणि साटा एसएसडी ५५० च्या आसपास. सबमिशनच्या फाइल्स उघडताना ३.० आणि ४.० मधला फरक तुम्हाला घड्याळ लावूनही सापडणार नाही. बोर्डावर एक एम.२ स्लॉट असला की झालं.

रॅमच्या स्लॉटवर थोडं थांबायला हवं. स्वस्त बोर्डावर दोनच स्लॉट असतात. एच६१० वर तर चिपसेटचीच मर्यादा आहे, दोनपेक्षा जास्त येतच नाहीत. आता ५६००जी सारखा प्रोसेसर ग्राफिक्ससाठी हीच रॅम वापरतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या की ५१.२. त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतलेल्या बऱ्या, गेममध्ये हा फरक उघड दिसतो. पण दोन स्लॉटच्या बोर्डावर ८-८ लावल्या की घर भरलं. पुढे ३२ करायचे तर दोन्ही काढून विकायच्या. म्हणून ज्यांना सॉलिडवर्क्स, व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ असलं जड काम करायचं आहे त्यांनी चार स्लॉटचा बोर्ड घ्यावा, हजारभर रुपये जास्त गेले तरी चालतील. ज्यांना कोडिंग, ऑफिस आणि सिनेमा एवढंच करायचं आहे त्यांना दोन स्लॉट जन्मभर पुरतील. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावू नका, सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. मॅन्युअल कुणी वाचत नाही, म्हणून सांगितलं.

आता माझा आवडता भाग, व्हीआरएम. आम्ही ई अँड टीसीवाले असल्याने थोडं सहन करा.

पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट. मधे जे सर्किट हे १२ चे सव्वा करतं ते म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल, व्हीआरएम. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण जो बक कन्व्हर्टर शिकतो, वायव्हाला ज्याची वेव्हफॉर्म काढायला लावतात, तोच हा. सॉकेटच्या बाजूला चौकोनी करड्या ठोकळ्यांची रांग दिसते, ते इंडक्टर, म्हणजे चोक. त्यांच्याजवळ मॉसफेट आणि कपॅसिटर.

यात एवढं विशेष काय? जरा आकडे मांडू. ५६००जी वर लिहिलेलं असतं ६५ वॉट, पण पूर्ण लोडवर सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घ्यायची त्याला परवानगी असते. ८८ भागिले १.२ म्हणजे साधारण ७३ अँपियर. आता आपल्या होस्टेलवर बंदी असलेली (आणि प्रत्येक मजल्यावर सापडणारी) पाणी तापवायची रॉड घ्या. १५०० वॉट, २३० व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपियर. रॉडसाठी जाड वायर लागते, तरी प्लग गरम होतो. आणि इथे हाताच्या पंजाएवढ्या जागेतून तिच्या अकरा पट करंट जातोय!

उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आय स्क्वेअर आर. म्हणून हे काम एकट्या मॉसफेटवर न टाकता अनेक फेजमध्ये वाटून देतात. चार फेज असतील तर प्रत्येकीवर १८ अँपियर, आठ असतील तर नऊ. करंट निम्मा झाला की त्या फेजमधली उष्णता पाव होते. फेज दुप्पट झाल्या तरी एकूण उष्णता निम्म्यावर येते. चांगला बोर्ड महाग असतो तो मुख्यतः यासाठी, आणि हे पैसे लाइट्सवर दिलेल्या पैशांपेक्षा कितीतरी चांगले.

स्वस्त बोर्डाचा व्हीआरएम वाईटच असतो असं नाही, तो लहान असतो. ६५ वॉटच्या साध्या प्रोसेसरला तो पुरतो. आय५-१२४०० वर ६५ वॉट लिहिलंय, टर्बोमध्ये तो ११७ पर्यंत जातो, तरी बऱ्या एच६१० वर निभावून जातो. पण आय७-१२७०० वर सुद्धा ६५ वॉटच लिहिलंय आणि तो १८० पर्यंत जातो! १८० भागिले १.२, दीडशे अँपियर. एच६१० च्या सपोर्ट लिस्टमध्ये आय७ चं नाव असतं, तो बसतो, चालू होतो, विंडोज उघडतं. मग तुम्ही मोठं सिम्युलेशन लावता, पाच मिनिटांत व्हीआरएम तापतो, आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. काही तुटत नाही, एरर येत नाही. फक्त आय७ चे पैसे देऊन तुम्ही त्यातला काही भागच वापरता, आणि हे तुम्हाला कळतही नाही.

त्यात आपली हवा. व्हीआरएमचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. ज्या चाचण्या आपण यूट्यूबवर बघतो त्या बहुतेक एसीच्या खोलीत, वीस-बावीस डिग्रीला केलेल्या असतात. मे महिन्यात आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये काय असतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. वीस डिग्री तर इथेच वाढले. त्यामुळे मॉसफेटवर लहान का होईना ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवलेला बोर्ड मिळत असेल आणि फरक पाच-सातशे रुपयांचा असेल, तर तो घ्या. प्रोसेसरबरोबर फुकट येणारा फॅन लगेच फेकूनही देऊ नका. तो हवा खाली मारतो, ती आजूबाजूच्या व्हीआरएमवर पण जाते. उंच टॉवर कूलर दिसायला भारी, पण त्याची हवा आडवी जाते आणि व्हीआरएम तसाच तापत राहतो.

नुसते चोक मोजून फेज किती ते सांगता येत नाही, हेही लक्षात ठेवा. काही बोर्डांवर एकाच फेजला दोन-दोन चोक जोडलेले असतात आणि खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो.

कपॅसिटरबद्दल एक जुनी गोष्ट आमच्या स्टाफमधल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. २००० च्या सुमारास आणि त्यानंतरची काही वर्षं कपॅसिटर फुगून मदरबोर्ड मरायची साथच आली होती. आतल्या इलेक्ट्रोलाइटची कृती सदोष होती, गॅस व्हायचा आणि वरचं झाकण फुगून फुटायचं. त्यानंतर सॉलिड कपॅसिटरची जाहिरात सुरू झाली. आता चांगल्या कंपन्यांच्या स्वस्त बोर्डांवरही व्हीआरएमला सॉलिडच असतात, तेव्हा खोक्यावर तसं लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. सेकंडहँड बोर्ड घेताना मात्र कपॅसिटरचे माथे सपाट आहेत का ते टॉर्च मारून बघा.

सेकंडहँडचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगायलाच हवा. आमच्या होस्टेलवर फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. उसाचं बिल आल्यावर वडिलांनी कॉम्प्युटरसाठी पैसे दिले. शहरातल्या एका दुकानातून ती आणि काका मशीन घेऊन आले. "आय सेव्हन, सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी, बोर्ड एकदम नवीन, सीलपॅक." किंमत ऐकून सगळ्यांना वाटलं, वा! मी म्हटलं, "अगं, कितव्या जनरेशनचा?" तिला माहीत नव्हतं. दुकानात फोन लावला तर समोरून उत्तर, "मॅडम, आय सेव्हन आहे, आय सेव्हन! त्याच्यावर काय असतं?"

उघडून बघितलं. आय७-३७७०, म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ चा प्रोसेसर. बोर्डाचा चिपसेट एच६१, जो २०११ मध्ये आला. रॅम डीडीआर३. बोर्ड खरंच नवीन होता, दुकानदार खोटं बोलला नव्हता. जुन्या डिझाइनचे असे बोर्ड अजून बनतात, त्यांवर एनव्हीएमईचा स्लॉटही टाकतात म्हणजे ते ताजे वाटतात. पण या प्रोसेसरवर विंडोज ११ ला अधिकृत सपोर्ट नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावाने 'लहान' असलेला बाराव्या जनरेशनचा आय३-१२१०० या आय७ ला सहज मागे टाकतो. आणि रॅम डीडीआर३ असल्यामुळे पुढच्या कुठल्याच बोर्डावर चालणार नाही. तिला "परत कर" म्हणणं सोपं होतं, पण बिल कच्चं, कागदावर पेनाने लिहिलेलं. दुकानदाराने हात वर केले. आता तिने त्यावर लिनक्स टाकलंय, सीचे प्रोग्राम व्यवस्थित चालतात. पण काका अजून भेटले की विचारतात, "चांगला लागला ना गं कॉम्प्युटर?" आणि आम्ही सगळ्या "हो काका" म्हणतो.

तेव्हा दुकानात दोनच प्रश्न पाठ करून जा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? बोर्डाचा चिपसेट कोणता? एच६१, एच८१ असं काही ऐकू आलं की नमस्कार करून निघा. बजेट खरंच तेवढंच असेल तर त्याच पैशांत कंपन्यांमधून निघालेलं, आठव्या जनरेशनचं किंवा नंतरचं वापरलेलं ब्रँडेड डेस्कटॉप शोधा. आठव्या जनरेशनपासून विंडोज ११ चालतं. फक्त अशा बऱ्याच मशीनमध्ये बोर्ड आणि पॉवर सप्लायचे कनेक्टर वेगळेच असतात, पुढे बाजारातला साधा पॉवर सप्लाय बसत नाही, हे माहीत असू द्या.

बायोसकडे येते. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जे प्रोसेसर बाजारात होते तेवढेच त्याला ओळखता येतात. एच६१० बोर्ड २०२२ च्या सुरुवातीला आले. त्यावेळचा, गोदामात पडून राहिलेला बोर्ड घेऊन त्यावर चौदाव्या जनरेशनचा प्रोसेसर लावला तर फॅन फिरेल आणि स्क्रीन काळीच राहील. बोर्ड खराब नसतो, त्याला फक्त नवीन बायोस हवा असतो. बी४५० बोर्ड आणि रायझन ५००० ची पण हीच कथा. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यात पेनड्राइव्हने प्रोसेसर नसतानाही बायोस टाकता येतो. ते नसेल तर दुकानातच अपडेट करून घ्या. होस्टेलवर येऊन दुसऱ्याचा जुना प्रोसेसर उधार मागणं म्हणजे काय असतं ते विचारू नका.

मागच्या बाजूची पोर्टं पटकन बघून घेऊ. बोर्डावरचं एचडीएमआय प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतं. इंटेलच्या नंबरमागे 'एफ' असेल तर ते बिनकामाचं. घरचा जुना मॉनिटर व्हीजीए असेल तर व्हीजीए पोर्ट असलेला बोर्ड बघा, खालच्या दर्जाच्या बोर्डांवर तो अजून मिळतो. वायफायवाल्या बोर्डाला जास्त पैसे देण्यापेक्षा काही शे रुपयांचा यूएसबी डोंगल पुरतो, आणि खोलीत लॅनचा पॉइंट असेल तर तोही नको. आकाराचं म्हणाल तर स्वस्त बोर्ड बहुतेक मायक्रो एटीएक्स असतात, २४४ मिलीमीटरचा चौकोन किंवा त्याहून थोडा अरुंद. साध्या कॅबिनेटमध्ये सगळे बसतात. लाइट्सचे हेडर, गेमिंगवाली नावं, चिलखतासारखे दिसणारे प्लास्टिकचे तुकडे यांवर काही लिहायची गरज वाटत नाही.

शेवटी काउंटरवर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर आपल्या गावातलं एकच दुकान, खोकं आपल्यासमोर उघडायला सांगा. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. त्या वाकल्या तर वॉरंटी गेली असं समजा, कारण ते ग्राहकाने केलेलं नुकसान धरतात. म्हणून झाकण उघडून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा, सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लावूनच द्यावं लागतं. एएम४ मध्ये उलटं आहे, पिना प्रोसेसरला असतात. तिथे कूलर काढताना सरळ वर ओढू नका, आधी थोडा डावी-उजवीकडे फिरवा, नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो.

बिल जीएसटीचंच घ्या, मदरबोर्डावर १८ टक्के लागतो. "बिल नको असेल तर कमी करतो" या वाक्याला भुलू नका. बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सर्व्हिस सेंटरवाले बऱ्याचदा बिल मागतात. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. आणि बिल जर त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या गेटसमोर त्याची झेरॉक्स काढा, कारण त्या कागदावरची अक्षरं वॉरंटी संपायच्या खूप आधी उडून जातात.